हर्पीसची रक्ततपासणी: कोणती करायची, कोणत्या तारखेला करायची आणि रिपोर्ट कसा वाचायचा

हर्पीसचा रिपोर्ट हातात घेऊन घाबरलेली बहुतेक माणसं चुकीच्या दिवशी चुकीची तपासणी करून आलेली असतात. शरीरसंबंधानंतर पाचव्या दिवशी रक्त दिलेलं असतं, किंवा चिठ्ठीवर नुसतं ‘हर्पीस’ लिहिलेलं असतं आणि लॅबने आपल्या यादीत जे होतं ते करून टाकलेलं असतं. मग ‘पॉझिटिव्ह’ हा एक शब्द वाचून कोणी लग्न मोडायला निघतं, तर कोणी ‘निगेटिव्ह’ वाचून नको तितकं निश्चिंत होतं. दोन्ही प्रकारांत नुकसान खरं असतं, म्हणून पुढच्या पायऱ्या दिलेल्या क्रमानेच करा. हे वाचून स्वतःच स्वतःचं निदान करू नका. डॉक्टरांसमोर बसल्यावर काय विचारायचं आणि काय तपासून घ्यायचं, एवढ्यासाठी हा लेख आहे.

सुरुवातीला एक गोंधळ मिटवून टाकू. कमरेवर किंवा छातीवर एकाच बाजूला पट्ट्यासारखे फोड येतात, ती नागीण. डॉक्टर तिला हर्पीस झोस्टर म्हणतात. ती कांजिण्यांच्या विषाणूमुळे होते आणि या लेखातल्या तपासणीचा तिच्याशी संबंध नाही. आपण बोलतोय ते हर्पीस सिम्प्लेक्सबद्दल. त्याचे दोन प्रकार आहेत. एचएसव्ही-१ बहुतेकदा ओठांवर दिसतो. तापानंतर ओठावर ‘जर’ उठतो, तो हाच. एचएसव्ही-२ बहुतेकदा जननेंद्रियांवर असतो. मात्र तोंडावाटे झालेल्या संबंधातून एचएसव्ही-१ सुद्धा खाली होऊ शकतो, आणि रिपोर्ट वाचताना ही गोष्ट फार महत्त्वाची ठरते.

## पायरी १: रक्त द्यायचं की फोडाचा नमुना, हे आधी ठरवा

अंगावर आत्ता फोड, ओली जखम किंवा चिरा असतील तर रक्ततपासणी मागे ठेवा. फोडातला नमुना कापसासारख्या काडीने, म्हणजे स्वॅबने घेऊन पीसीआर तपासणी करणं हाच सर्वांत भरवशाचा मार्ग आहे. विषाणू फोडात थेट सापडतो आणि तो कोणत्या प्रकारचा आहे तेही कळतं. रक्तात आपण विषाणू शोधत नसतो. शरीराने त्याच्याविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडी शोधत असतो, आणि त्या तयार व्हायला आठवडे लागतात. त्यामुळे पहिल्यांदाच फोड आलेल्या माणसाचं रक्त त्याच आठवड्यात निगेटिव्ह येणं अगदी स्वाभाविक आहे.

स्वॅबच्या बाबतीत वेळ दवडू नका. फोड आल्यापासून पहिल्या ४८ तासांत नमुना घेतला तर विषाणू सापडण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. खपली धरली की ती झपाट्याने कमी होते. नमुना नीट घेतला जातोय का ते पाहा. ताजा फोड सुईने अलगद उघडून त्याच्या तळावर काडी घासावी लागते, आणि ती काडी लगेच विषाणूसाठीच्या द्रवाच्या नळीत घालून थंड ठिकाणी ठेवावी लागते. फोडाच्या वरून नुसती काडी फिरवली तर हाती काही लागत नाही. चिठ्ठीवर ‘एचएसव्ही पीसीआर, टाइपिंगसह’ असं लिहून घ्या.

सावधान: स्वॅब घेण्याआधी फोडावर मलम, हळद, तूप, पावडर काहीही लावू नका. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने गोळ्या आणून सुरू करू नका. पण डॉक्टरांनी औषध सुरू करायला सांगितलं असेल तर स्वॅबसाठी ते अडवूनही धरू नका. त्याच भेटीत स्वॅब घेता येईल का ते विचारा.

स्वॅब निगेटिव्ह आला म्हणजे हर्पीस नाहीच, असं समजू नका. नमुना उशिरा घेतला असेल तरी तो निगेटिव्ह येतो. याच्या उलट, रक्तातलं पीसीआर कोणी सुचवलं तर जननेंद्रियांच्या हर्पीसच्या निदानासाठी त्याचा उपयोग नाही, हे ध्यानात ठेवा.

मग रक्ततपासणी कोणी करायची? ज्यांना पुन्हा पुन्हा त्रास होतो पण स्वॅब दर वेळी निगेटिव्ह येतो, ज्यांचं निदान डॉक्टरांनी फक्त पाहून केलंय आणि तपासणीने ठरलेलं नाही, आणि ज्यांच्या जोडीदाराला हर्पीस असल्याचं नक्की झालंय, त्यांनी. कसलीच लक्षणं नसताना, कसलाच संपर्क नसताना ‘एकदा बघून घेऊ’ म्हणून ती करू नये. अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्यसेवा कृती दलाने २०१६ मध्ये लक्षणं नसलेल्यांची सरसकट तपासणी करू नका असं सांगितलं आणि २०२३ मध्ये तीच शिफारस कायम ठेवली. कारण सहाव्या पायरीत आकड्यांसकट येईलच.

## पायरी २: तारखा कागदावर मांडा

लॅबमध्ये जाण्याआधी एका कागदावर तीन तारखा लिहा: ज्या संबंधाची काळजी वाटतेय त्याची तारीख, पहिलं लक्षण दिसलं ती तारीख (दिसलं असेल तर), आणि आधी कधी तपासणी केली असेल तर तिची तारीख. तोंडी हिशेबात माणूस हमखास चुकतो. ‘झाले असतील दोन-तीन महिने’ म्हणणाऱ्याचे प्रत्यक्षात सात आठवडे भरलेले असतात.

आता कालगणना. संसर्ग झाल्यावर लक्षणं दिसायचीच असतील तर ती साधारण २ ते १२ दिवसांत दिसतात. बऱ्याच जणांना ती कधीच जाणवत नाहीत. अँटीबॉडी काहींच्या रक्तात दोन-तीन आठवड्यांत दिसू लागतात, बऱ्याच जणांना सहा आठवडे लागतात, काहींना पूर्ण बारा. म्हणून निर्णय घ्यायचा तो १२ आठवड्यांनंतरच्या रिपोर्टवर.

समजा, संबंध १ मार्चला झाला. २२ मार्चला ३ आठवडे होतात, १२ एप्रिलला ६ आणि २४ मे रोजी १२. मोजायची सोपी युक्ती अशी की संबंधाच्या दिवशी जो वार होता, तोच वार बारा वेळा पुढे मोजायचा. तीन महिने म्हणून १ जूनला गेलात तरी बिघडत नाही, पण १० मेला जाऊन ‘झाले की तीन महिने’ म्हणू नका.

लवकर केलेली तपासणी पूर्ण वाया जाते असंही नाही. संबंधानंतर पहिल्या आठवड्यातच आयजीजी (अँटीबॉडीचा एक प्रकार) तपासणी खरोखर पॉझिटिव्ह आली, तर तो संसर्ग या संबंधातून झालेला नसतो, आधीचा असतो. तेव्हा ‘कोणाकडून आलं’ हा प्रश्न घरात पेटणार असेल, तर पहिल्या काही दिवसांत एक आणि १२ आठवड्यांनंतर दुसरी अशी जोडी उपयोगी पडते. पहिली निगेटिव्ह आणि दुसरी पॉझिटिव्ह असेल, तर मधल्या काळात संसर्ग झाला असं म्हणता येतं. एकट्या पॉझिटिव्ह रिपोर्टवरून संसर्ग दोन महिन्यांपूर्वीचा की दहा वर्षांपूर्वीचा हे कोणालाच सांगता येत नाही. या एका गैरसमजापायी घरं फुटतात, म्हणून हे वाक्य ज्याला गरज आहे त्याला जरूर वाचून दाखवा.

सुरुवातीलाच विषाणूविरोधी गोळ्या घेतल्या असतील (अॅसायक्लोव्हिर, व्हॅलासायक्लोव्हिर) तर अँटीबॉडी उशिरा तयार होऊ शकतात. त्या कधी सुरू केल्या आणि कधी थांबवल्या, हेही त्याच कागदावर लिहा.

सावधान: काळजीचा संबंध गेल्या ७२ तासांत झाला असेल तर हर्पीस बाजूला ठेवा आणि आजच्या आज सिव्हिलमध्ये जा. एचआयव्ही टाळणारी औषधं, म्हणजे पीईपी, या मुदतीतच सुरू करावी लागतात आणि जितक्या लवकर तितकं चांगलं. जबरदस्ती झाली असेल तर एक तासही थांबू नका.

## पायरी ३: चिठ्ठीवर तपासणीचं नेमकं नाव लिहून घ्या

सर्वांत जास्त चुका इथेच होतात.

लॅबच्या यादीत हर्पीसच्या नावाने चार-पाच तपासण्या असतात: ‘एचएसव्ही १+२ आयजीएम’, ‘एचएसव्ही १+२ आयजीजी’, ‘एचएसव्ही-१ आयजीजी’, ‘एचएसव्ही-२ आयजीजी’ आणि टॉर्च पॅनेल (गरोदरपणात एकत्र केल्या जाणाऱ्या काही संसर्गांच्या तपासण्या). आयजीएम आणि आयजीजी हे अँटीबॉडीचे दोन प्रकार. काउंटरवरच्या मुलीला किंवा मुलाला तुमची अडचण माहीत नसते. नुसतं ‘हर्पीस’ म्हटलं तर आयजीजी आणि आयजीएमची एकत्र जोडी लावली जाण्याचीच शक्यता जास्त.

तुम्हाला हवी आहे ती ‘एचएसव्ही-२ आयजीजी, टाइप-स्पेसिफिक, ग्लायकोप्रोटीन जी आधारित’. गरजेप्रमाणे एचएसव्ही-१ ची वेगळी. हे सगळे शब्द चिठ्ठीवर असू द्या. ग्लायकोप्रोटीन जी हा विषाणूच्या कवचावरचा असा भाग आहे, जो दोन्ही प्रकारांत पुरेसा वेगळा असतो. बाकीचे बरेच भाग इतके सारखे आहेत की त्यांच्यावर बेतलेली तपासणी एक आणि दोन यांत फरकच करू शकत नाही.

‘१+२’ अशी एकत्रित तपासणी का नको? जगात ५० वर्षांखालच्या साधारण ३८० कोटी लोकांना, म्हणजे सुमारे ६४ टक्के लोकांना एचएसव्ही-१ आहे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. बहुतेकांना तो लहानपणीच, घरातल्या लाडाकोडातून, आजी-आत्याच्या पापीतून मिळतो. त्यामुळे एकत्रित तपासणी तुमच्या-आमच्यातल्या बऱ्याच जणांची पॉझिटिव्ह येणारच, आणि त्यावरून लैंगिक आजाराबद्दल काहीच कळत नाही.

आता आयजीएम. ‘आयजीएम म्हणजे नवा संसर्ग, आयजीजी म्हणजे जुना’ असं पाठ्यपुस्तकी सूत्र बऱ्याच जणांना पाठ असतं. हर्पीसच्या बाबतीत ते चालत नाही. जुना संसर्ग पुन्हा उफाळला की आयजीएम पुन्हा पॉझिटिव्ह येऊ शकतं. ते एक आणि दोन हे प्रकार वेगळे ओळखत नाही, आणि कांजिण्यांच्या विषाणूसारख्या त्याच कुळातल्या इतर विषाणूंमुळेही फसवं पॉझिटिव्ह येतं. अमेरिकेचं रोग नियंत्रण केंद्र, सीडीसी, आयजीएम वापरू नका असं स्पष्ट सांगतं. तरीही आपल्याकडे ते सर्रास लिहिलं जातं. चिठ्ठीवर दिसलं तर संकोच न करता विचारा: ‘डॉक्टर, आयजीएमने प्रकार कळत नाही ना? टाइप-स्पेसिफिक आयजीजी लिहून द्याल का?’ चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नाचा राग येत नाही.

तपासा: चिठ्ठीवर ‘२’ हा आकडा, ‘आयजीजी’ आणि ‘टाइप-स्पेसिफिक’ हे तिन्ही आहेत का? ‘१+२’, ‘१/२’ किंवा ‘आयजीएम’ असेल तर परत फिरा.

याच रक्तात सिफिलिस, एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी यांच्याही तपासण्या करून घ्या. जननेंद्रियावर जखम असेल तर सिफिलिस आणि एचआयव्हीची तपासणी टाळूच नका. सिफिलिस पूर्ण बरा होतो, पण तो तपासायचा राहून गेला तर वर्षांनंतर हृदय आणि मेंदूपर्यंत पोहोचतो.

## पायरी ४: नाशिकमध्ये कुठे जायचं

पहिली भेट ‘त्वचा व गुप्तरोग तज्ज्ञ’ अशी पाटी असलेल्या डॉक्टरांची. दोन्ही विषय एकाच पदवीत येतात, त्यामुळे बाहेर बसलेल्या शेजाऱ्यांना तुम्ही मुरुमांसाठी आलात की आणखी कशासाठी, हे कळायचं कारण नाही. स्त्रियांनी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायला हरकत नाही.

खर्च परवडत नसेल किंवा ओळखीच्या दवाखान्यात जायचं नसेल, तर त्र्यंबक रोडवरच्या जिल्हा रुग्णालयात जा. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमात अशा लैंगिक आजारांच्या तपासणीसाठी ‘सुरक्षा क्लिनिक’ चालतं, तिथे समुपदेशक असतात आणि औषध मोफत मिळतं. केसपेपर काढताना खिडकीवर सगळं सांगत बसू नका. ‘सुरक्षा क्लिनिक’ किंवा ‘आयसीटीसी’ (एचआयव्ही समुपदेशन व तपासणी केंद्र) एवढं विचारलं तरी रस्ता दाखवतात. सरकारी पद्धतीत लक्षणं पाहून उपचार ठरतात. हर्पीससारख्या जखमांसाठी लाल रंगाचं, पाच नंबरचं औषधांचं किट असतं आणि त्यासाठी रक्ताच्या रिपोर्टची वाट पाहावी लागत नाही. टाइप-स्पेसिफिक आयजीजी मात्र बहुतेकदा खासगी लॅबमध्येच करावी लागेल. कुठे जायचं हेच सुचत नसेल तर १०९७ हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा नंबर मोफत आहे.

खासगी लॅब निवडताना कॉलेज रोडची झगमगीत की सिडकोतली छोटी, याने फारसा फरक पडत नाही. बऱ्याच ठिकाणी फक्त रक्त घेतलं जातं आणि तपासणी दुसऱ्या शहरातल्या मोठ्या लॅबमध्ये होते. आधी फोन करा आणि हे विचारा: एचएसव्ही-२ आयजीजी वेगळी होते का? ती ग्लायकोप्रोटीन जी वर आधारित आहे का? रिपोर्टवर आकडा छापून येतो की फक्त ‘पॉझिटिव्ह-निगेटिव्ह’? कोणत्या पद्धतीने करता, एलायझा की क्लिया? समोरच्याला उत्तर येत नसेल तर ‘टेक्निकल विभागाशी बोलायचंय’ म्हणा. आकडा छापून येत नसेल तर त्या लॅबमध्ये ही तपासणी करू नका.

## पायरी ५: रक्त देताना

उपाशी राहायची गरज नाही. सकाळीच जायला हवं असंही नाही.

केस-नखांसाठी बायोटिनच्या जास्त मात्रेच्या गोळ्या घेत असाल तर आधी सांगा. काही यंत्रांवरच्या तपासण्यांचे आकडे बायोटिनमुळे चुकतात. किती दिवस थांबवायच्या हे लॅब किंवा डॉक्टर सांगतील.

मोबाईल नंबर देताना जपून. आपल्याकडे घरातल्या एकाच नंबरवर सगळ्यांची नोंद असते, वडिलांच्या नाहीतर मोठ्या भावाच्या, आणि रिपोर्ट थेट त्या नंबरच्या व्हॉट्सअॅपवर जाऊन पडतो. जुनी नोंद असेल तर काउंटरवर उभं राहूनच नंबर बदलून घ्या. पावतीवर छापलेला नंबर वाचून पाहा. हवा तर छापील रिपोर्ट स्वतः येऊन नेतो असं सांगा.

तपासा: पावतीवर तपासणीचं नाव चिठ्ठीप्रमाणेच आहे का? सुई टोचण्याआधी हे पाहा. नंतर लॅबशी भांडून वेळ परत येत नाही.

## पायरी ६: रिपोर्ट वाचा, पण शब्द नंतर आणि आकडा आधी

रिपोर्टमध्ये तपासणीच्या नावासमोर एक आकडा असतो, त्याला इंडेक्स व्हॅल्यू म्हणतात. तपासणीच्या बऱ्याच किटमध्ये ०.९ च्या खाली निगेटिव्ह, ०.९ ते १.१ संदिग्ध आणि १.१ च्या वर पॉझिटिव्ह धरतात. किटप्रमाणे या मर्यादा बदलतात, त्यामुळे शेजारच्या रकान्यात छापलेली रेंजच प्रमाण मानायची. दुसऱ्याच्या रिपोर्टशी आपला आकडा ताडून पाहू नका.

आता खरी गोम. १.१ च्या वरचा प्रत्येक आकडा सारख्याच भरवशाचा नसतो. सीडीसीच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या एका एचएसव्ही-२ एलायझा किटबद्दल दिलंय की इंडेक्स १.१ ते २.९ असेल, तेव्हा तिची विशिष्टता, म्हणजे निरोगी माणसाला निगेटिव्ह दाखवण्याची क्षमता, ३९.८ टक्क्यांपर्यंत घसरलेली आढळली. म्हणजे या पट्ट्यात ‘पॉझिटिव्ह’ छापून आलेल्या रिपोर्टवर खात्रीची दुसरी तपासणी झाल्याशिवाय विसंबायचं नाही. ३ च्या वर गेल्यावर भरवसा वाढतो.

लक्षणं नसलेल्यांनी तपासणी करू नये असं का म्हणतात, ते आता हिशेबाने पाहू. समजा, लक्षणं नसलेल्या १००० लोकांचं रक्त तपासलं आणि त्यांतल्या ५० जणांना खरोखर एचएसव्ही-२ आहे. तपासणी चांगली आहे: शंभरातल्या ९५ बाधितांना ओळखते आणि निरोगी शंभरांतल्या फक्त ५ जणांना चुकून पॉझिटिव्ह दाखवते. ५० बाधितांपैकी साधारण ४७-४८ पकडले जातात. पण उरलेल्या ९५० निरोगी लोकांचे ५ टक्के म्हणजेही ४७-४८ होतात. पॉझिटिव्ह रिपोर्ट घेऊन जे पंचाण्णव जण बाहेर पडतील, त्यांतल्या निम्म्यांना हर्पीस नाहीच! तीच तपासणी, तीच लॅब. मात्र ज्याच्या जोडीदाराला हर्पीस आहे किंवा ज्याला वारंवार फोड येतात, त्याचा पॉझिटिव्ह रिपोर्ट खरा असण्याची शक्यता खूपच जास्त असते, कारण तशा लोकांमध्ये मुळात बाधितच जास्त असतात.

एक नमुना घेऊ. सातपूरच्या कारखान्यातला तिशीचा तरुण, साखरपुडा झालेला, फोड कधीच आलेले नाहीत. संपूर्ण तपासणीच्या पॅकेजमध्ये एचएसव्ही-२ आयजीजी निघाली १.६, पुढे ठळक अक्षरांत ‘पॉझिटिव्ह’. या कागदावर त्याने काय करायचं? आज कोणालाही काही सांगायचं नाही, गोळ्या सुरू करायच्या नाहीत, पुढच्या पायरीतली खात्री करून घ्यायची. त्याच तरुणाला वर्षातून तीन-चारदा एकाच जागी फोड येत असतील आणि आकडा ८ असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे शंकेला फारशी जागा नाही आणि डॉक्टरांशी उपचारांबद्दलच बोलायचं.

आता निगेटिव्ह. १२ आठवड्यांच्या आतला निगेटिव्ह हा तात्पुरता निकाल आहे, त्यावर तारीख टाकून फायलीत ठेवा. १२ आठवड्यांनंतरचा निगेटिव्ह बऱ्यापैकी विश्वासाचा असतो. तरी या तपासण्या एचएसव्ही-२ चे सगळेच बाधित पकडत नाहीत. किटप्रमाणे ८० ते ९८ टक्के पकडतात. लक्षणं अगदी हर्पीससारखी असतील आणि रक्त निगेटिव्ह येत असेल, तर पुढच्या वेळी फोड आला की पहिल्या ४८ तासांत स्वॅब द्या. एचएसव्ही-१ साठी आयजीजी आणखी कमी भरवशाची आहे: त्याच प्रकारच्या किटमध्ये शंभर बाधितांतले सत्तरच सापडले. म्हणून ‘एचएसव्ही-१ निगेटिव्ह’ हा शिक्का फार मनावर घेऊ नका.

एचएसव्ही-१ पॉझिटिव्ह आला तर? विषाणू ओठावर आहे की खाली, हे रक्त सांगत नाही. लहानपणीचा ओठावरचा ‘जर’ आणि संबंधातून आलेला संसर्ग रक्तात सारखेच दिसतात. जागा ठरवायची तर ती स्वॅबनेच.

सावधान: आकडा मोठा म्हणजे आजार जास्त, असं काही नसतं. १२ आलेल्याला आयुष्यात एकदाही फोड येणार नाही आणि ४ आलेल्याला दर दोन महिन्यांनी येतील, असं होऊ शकतं.

## पायरी ७: खात्रीची दुसरी तपासणी

इंडेक्स ३ च्या खाली असेल किंवा संदिग्ध असेल, तर दुसरी तपासणी झाल्याशिवाय निदान पक्कं मानू नका. यासाठी सर्वांत प्रमाण मानली जाते ती वेस्टर्न ब्लॉट, पण ती अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठात होते आणि आपल्या शहरातल्या माणसाच्या आवाक्यातली नाही. मग आपल्या हातात काय उरतं?

पहिला संपर्क अलीकडचा असेल तर १२ आठवडे पूर्ण करून तीच तपासणी परत करा. खरा संसर्ग असेल तर आकडा बहुतेकदा स्पष्टपणे वर चढलेला दिसतो. तिथेच घुटमळत राहिला तर आधीचा रिपोर्ट फसवा असण्याची शंका बळावते. मात्र ही तुलना एकाच लॅबमध्ये, एकाच किटवर केली तरच अर्थाची.

संपर्क जुना असेल तर वेगळ्या किटवर, वेगळ्या पद्धतीने तपासणी करा. दुसरी लॅब गाठताना इथे चूक होते. गंगापूर रोडच्या लॅबमधून पंचवटीच्या लॅबमध्ये गेलात आणि दोघांनीही रक्त त्याच मोठ्या लॅबला पाठवलं, तर तीच चूक दोनदा छापून येईल. म्हणून किटचं नाव किंवा किमान पद्धत (एलायझा, क्लिया) विचारून वेगळी निवडा.

फोड येत असतील तर सर्वांत सरळ मार्ग स्वॅबचा. तो पॉझिटिव्ह आला की रक्ताचा वाद मिटला.

खात्री झाल्यावर मात्र थांबा. उपचार घेऊन ‘आता निगेटिव्ह आलं का बघू’ म्हणून दर सहा महिन्यांनी आयजीजी करणारे बरेच आहेत. विषाणू मज्जातंतूंच्या गाठींमध्ये सुप्त राहतो, आणि अँटीबॉडी सहसा जन्मभर रक्तात राहतात. गोळ्यांनी फोड लवकर बरे होतात, वारंवारता कमी होते, जोडीदाराला लागण होण्याचा धोका घटतो. रिपोर्ट निगेटिव्ह होत नाही. ‘हर्पीस मुळापासून बरा, रिपोर्ट निगेटिव्ह करून देतो’ अशी जाहिरात करणारा तुमच्या भीतीवर पैसे कमावतोय. त्याच्याकडे जाऊ नका.

## पायरी ८: जोडीदाराला कधी आणि काय सांगायचं

खात्रीचा निकाल हातात येईपर्यंत आरोप नको, कबुलीही नको. पण याच काळात जपायला हवं: फोड, जळजळ, मुंग्या आल्यासारखं वाटत असताना संबंध टाळा, एरवी निरोध वापरा. निरोधाने धोका कमी होतो, पूर्ण जात नाही, कारण झाकल्या न जाणाऱ्या त्वचेतूनही विषाणू पसरतो. फोड नसतानाही तो पसरू शकतो.

खात्री झाली की सांगायचं, आणि लग्नाआधी असेल तर लग्नाआधीच सांगायचं. शक्य असेल तर डॉक्टरांच्या खोलीत, त्यांच्यासमोर सांगा, म्हणजे ‘मग तुला कुठून आलं?’ या प्रश्नाचं उत्तर डॉक्टर देऊ शकतील: हा विषाणू वर्षानुवर्षं गप्प बसतो आणि रक्तावरून तारीख काढता येत नाही. त्यानंतर जोडीदाराची टाइप-स्पेसिफिक आयजीजी करा. दोघांनाही एकच प्रकार निघाला, तर एकमेकांना तो देण्याची चिंता उरत नाही. एकालाच असेल, तर रोजच्या गोळीचा उपचार उपयोगी आहे का, हे विचारा.

## पायरी ९: गरोदरपणात वेगळा हिशेब

टॉर्च पॅनेलमध्ये एचएसव्ही आयजीएम पॉझिटिव्ह आलं म्हणून रडत बसलेल्या बायका पाहिल्या की जीव तुटतो. या एका कागदावर गर्भपाताचा विचारही मनात आणू नका. तिसऱ्या पायरीत सांगितलेले आयजीएमचे सगळे दोष इथेही तसेच आहेत, आणि लक्षणं नसलेल्या गर्भवतीची सरसकट एचएसव्ही रक्ततपासणी करायची शिफारसही नाही. आधीचा गर्भपात ‘टॉर्चमुळे’ झाला असं सांगितलं गेलं असेल, तर दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांचं मत घ्या.

खरा धोका असतो तो शेवटच्या तीन महिन्यांत पहिल्यांदाच लागण झाली तर. तेव्हा आईच्या अँटीबॉडी तयार होऊन बाळापर्यंत पोहोचायला वेळ मिळत नाही. आईला संसर्ग जुना असेल तर बाळाला तो होण्याचा धोका बराच कमी असतो. म्हणून नवऱ्याला हर्पीस आहे आणि बायकोला नाही असं ठरलं असेल, तर शेवटच्या तिमाहीत संबंध टाळा. नवऱ्याच्या ओठावर फोड असेल तर मुखसंबंधही टाळा.

आईला जननेंद्रियांचा हर्पीस असल्याचं माहीत असेल, तर पहिल्याच तपासणीला सांगा. ३६ व्या आठवड्यापासून डॉक्टर रोजची गोळी सुरू करतात. कळा सुरू झाल्यावर खाली फोड किंवा जळजळ असेल तर सिझेरियन करावं लागतं, म्हणून दाखल होताना पहिल्या नर्सलाच हे सांगा. माहेरी बाळंतपण असेल, निफाडला किंवा मालेगावला, तर रिपोर्टची प्रत सोबत द्या, कारण तिथल्या डॉक्टरांकडे तुमचे जुने कागद नसतील.

बाळाच्या रक्तात आयजीजी पॉझिटिव्ह आलं तर ते आईकडून आलेलं असू शकतं आणि पहिलं वर्षभर, कधी त्याहूनही जास्त, तसंच दिसत राहतं. त्यावरून बाळाला संसर्ग झाल्याचं ठरत नाही. पण पहिल्या सहा आठवड्यांत बाळाच्या अंगावर पाण्याचे फोड आले, ते दूध पिईना, सुस्त पडलं, ताप आला किंवा झटके आले, तर कोणत्याही रिपोर्टची वाट न पाहता त्याच क्षणी मोठ्या रुग्णालयात न्या आणि आईला हर्पीस आहे हे दारातच सांगा. ओठावर ‘जर’ उठलेला असेल तर कोणीही, अगदी आजीनेही, बाळाची पापी घेऊ नये.